‘टाइप करत आहे…’: पडद्यातल्या धास्तीचं विज्ञान

समोर दिसतो तो फक्त एका मुलीच्या लॅपटॉपचा पडदा. संदेशाच्या रकान्यात एक वाक्य टाइप होतं, पण पाठवलं जात नाही. कर्सर काही क्षण नुसता लुकलुकतो आणि मग ते वाक्य शेवटाकडून एकेक अक्षर करत पुसलं जातं. त्या जागी दुसरं, जरा मवाळ वाक्य येतं आणि तेवढंच पलीकडे पोहोचतं. मुलीनं काय लपवलं ते पलीकडच्याला कळत नाही, प्रेक्षकाला मात्र कळतं. लेवान गाब्रियाद्झे दिग्दर्शित ‘अनफ्रेंडेड’ या २०१४ सालच्या भयपटात असे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. आत्महत्या केलेल्या वर्गमैत्रिणीला वर्ष होतं त्या रात्री काही मित्रमैत्रिणी व्हिडिओ कॉलवर जमतात. कॉलमध्ये एक अनोळखी खातं शिरतं आणि काही केल्या बाहेर काढता येत नाही. सगळी गोष्ट एकाच संगणकाच्या पडद्यावर घडते. सुमारे दहा लाख डॉलरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटानं जगभरात सहा कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. पुढे ‘सर्चिंग’ (२०१८), ब्रिटनमधल्या टाळेबंदीत घडलेला ‘होस्ट’ (२०२०), आपल्याकडचा मल्याळम ‘सी यू सून’ (२०२०) आणि हिंदी ‘कंट्रोल’ (२०२४) अशी या तऱ्हेच्या भयपटांची आणि थरारपटांची रांगच लागली.

यात विज्ञानाच्या अभ्यासकाला पडावा असा प्रश्न आहे. भयपटाची नेहमीची सामग्री इथे जवळजवळ नसतेच. ओसाड वाडा नाही, सरकत जाणारा कॅमेरा नाही. आपण रोज कार्यालयाच्या कामाला वापरतो तेच चौकोन, तीच बटणं, तोच ‘टिंग’ असा आवाज. तरीही अंगावर काटा येतो, तो कशानं? माझं उत्तर असं की, या चित्रपटांतली खरी भीती भुताची नसून अपुऱ्या माहितीची आहे. धोका आहे की नाही हेच न कळणं मेंदूला सर्वांत जास्त ताण देतं आणि व्हिडिओ कॉल हे अर्धवट माहिती पुरवणारं यंत्र आहे. पूर्ण अंधारात मेंदू निदान सावध तरी असतो. कॉलवर चेहरा दिसतो, आवाज येतो, त्यामुळे सगळं कळतंय असं वाटतं आणि नेमकं कळायला हवं तेच चौकटीबाहेर राहतं. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण या उरलेल्या जागेचं अचूक वर्णन करते.

या म्हणीला प्रयोगाचा आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली ४५ स्वयंसेवकांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. पडद्यावर दगड दिसायचे आणि दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका बसायचा, मग अंदाज बरोबर असो की चूक. कोणत्या दगडाखाली साप असण्याची शक्यता किती, हे प्रमाण मधूनमधून बदललं जायचं. खेळताना लोकांच्या त्वचेवरचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचं रुंदावणं मोजलं आणि ताण किती वाटतोय हेही विचारलं. झटका बसणारच, हे पक्कं ठाऊक असताना ताण सर्वाधिक असेल असं आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात तो सर्वाधिक होता झटक्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर नेमका वरखाली होत होता, त्यांचे अंदाजही अधिक बरोबर येत होते. म्हणजे हा ताण निव्वळ दुबळेपणा नव्हे. ‘इथे अजून शिकायचं बाकी आहे, लक्ष दे,’ असं मेंदू शरीराला बजावत असतो. ‘टाइप करत आहे…’ ही तीन टिंबांची सूचना म्हणजे असाच एक दगड. पलीकडे कुणीतरी काहीतरी लिहितंय एवढं ठाऊक आहे, काय लिहितंय ते ठाऊक नाही. कसलेला दिग्दर्शक ती टिंबं पडद्यावर चार क्षण जास्त रेंगाळू देतो आणि त्याचं काम प्रेक्षकाचा मेंदू करतो.

व्हिडिओ कॉलची माहिती अपुरी असते हे आवाजापासूनच दिसतं. जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होण्यातलं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतं, असं त्यात आढळलं. इतकी चपळ देवाणघेवाण आपण जन्मभर करत असतो, म्हणून त्यातला छोटासा खंडही खटकतो. समोरासमोर बोलताना उत्तराला उशीर झाला तर त्याचा अर्थ लागतो : तो संकोचतोय, टाळतोय, खोटं बोलतोय. कॉलवर तोच उशीर जाळ्यामुळे होतो, पण कान जुन्याच सवयीनं अर्थ लावतात. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिलं की, आवाज सुमारे १.२ सेकंद उशिरा पोहोचला तर ऐकणाऱ्याला पलीकडचा माणूस कमी आपुलकीचा आणि कमी लक्ष देणारा वाटू लागतो. दोष यंत्राचा, शंका माणसावर! भयपटाला हेच तर हवं असतं. ‘माझा आवाज येतोय का?’ या प्रश्नानंतर चेहरा गोठतो, तेव्हा नेटवर्क गेलं की माणूस गेला हे ठरवण्याची कोणतीही खूण पडद्यावर नसते.

चित्राची गोष्ट आणखी विलक्षण. कॉलमध्ये दर सेकंदाला पंचवीस-तीस पूर्ण चित्रं पाठवली जात नाहीत, तेवढी क्षमता बहुतेक जोडण्यांत नसते. एक चित्र पूर्ण जातं आणि पुढे बहुतांश फक्त बदल कळवले जातात : हा तुकडा इतका सरकला, तो तुकडा इतका उजळला. उरलेलं पलीकडचं यंत्र आधीच्या चित्रावरून अंदाजानं भरून काढतं. मधलीच माहिती हरवली की नवी हालचाल जुन्याच चेहऱ्यावर लागू होते, गाल ओघळतो, तोंड चौकोनी तुकड्यांत विखुरतं. आपला मेंदूही पाहताना असाच पूर्वानुभवावरून अंदाज बांधत असतो, म्हणून यंत्राचा चुकलेला अंदाज आपल्याला नुसता बिघाड न वाटता बीभत्स वाटतो. रॉब सॅव्हेज दिग्दर्शित ‘होस्ट’ या तासाभराहूनही छोट्या चित्रपटानं यंत्राच्या अंदाजांचाच वापर केला आहे. त्यात मैत्रिणींच्या कॉलवर आत्म्याला बोलावण्याचा खेळ मांडला जातो. पुढे एकीच्या कॅमेऱ्यातलं चेहऱ्यावर मुखवटा चढवणारं साधन रिकाम्या खोलीत, हवेतच, एका जागी जाऊन बसतं. तिथे कुणीही दिसत नाही, पण यंत्राला चेहरा ‘दिसला’ आहे. पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी २००१ साली मांडलेली चेहरा ओळखण्याची प्रसिद्ध पद्धत उजेड-अंधाराच्या साध्या आयतांवर चालते : डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद, नाकाचा दांडा आजूबाजूपेक्षा उजळ. अशा खुणा भिंतीवरच्या सावल्यांत जुळल्या तरी यंत्र तिथे चेहरा मानू शकतं. ढगांत आणि झाडांच्या खोडांत चेहरे पाहणारा आपला मेंदूही त्याच चुकीला बळी पडतो. त्या दृश्यात यंत्र चुकलं की ते आपल्याहून जास्त पाहतंय, हे प्रेक्षकाला ठरवता येत नाही. तोच निम्मा-निम्मा दगड पुन्हा समोर येतो.

यावर पहिला आक्षेप असा की, एवढ्या सिद्धान्ताची गरज काय. हे चित्रपटही शेवटी अचानक किंचाळी फोडून दचकवतातच. दचकवतात, यात वाद नाही. पण दचकणं आणि धास्ती या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एमआरआय यंत्रात भयपट दाखवले. धास्ती हळूहळू वाढत असताना पाहण्या-ऐकण्याशी संबंधित भाग अधिक सक्रिय होत गेले, जणू मेंदू कानोसा घेत होता. अचानक धक्का बसला तेव्हा भावना, धोक्याचं मूल्यमापन आणि निर्णय यांच्याशी निगडित भाग पुढे सरसावले. धक्का क्षणभराचा असतो. संगणकाच्या पडद्यावरची गोष्ट पहिल्या प्रकारच्या भीतीवर उभी असते, कारण तिथे एकाच वेळी सहा चौकोनांवर लक्ष ठेवावं लागतं आणि कुठे पाहायचं हे सांगणारा कॅमेरा नसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे सगळं खोटं आहे आणि पडद्यावरच आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. मग त्याचा मेंदू फसेल कसा? याचं उत्तर किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञानं २००० साली वापरात आणलेल्या चेंडूच्या एका साध्या संगणकीय खेळात आहे. पडद्यावरचे दोन खेळाडू आपल्याला काही वेळ चेंडू देतात आणि मग आपापसातच टाकत बसतात. एवढ्यानंही माणसं दुखावतात. २००४ सालच्या पुढच्या प्रयोगात तर सहभागी लोकांना स्पष्ट सांगितलं होतं की, समोर माणसं नाहीत, संगणक आहे. तरीही दुखावणं कमी झालं नाही. खोटं आहे हे जाणणारा विचार आणि लगेच प्रतिसाद देणारी भावना एका गतीनं चालत नाहीत. त्यातच व्हिडिओ कॉलचा चित्रपट लॅपटॉपवर पाहताना चित्रपटाची चौकट आणि आपल्या रोजच्या कामाची चौकट एकच होते. खोटेपणाची आठवण करून देणारं थिएटरचं दारही मध्ये उरत नाही.

ही नव्या नवलाईची भीती आहे, सवय झाली की ओसरेल, असंही म्हटलं जातं. इतिहास तसं सांगत नाही. टेलिफोन अजून घरोघरी पोहोचायचा होता तेव्हा, १९०१ साली, पॅरिसमध्ये आंद्रे द लोर्द यांचं टेलिफोनवर बेतलेलं नाटक रंगभूमीवर आलं. दूर असलेला नवरा फोनवरून बायकामुलांवरचा हल्ला ऐकतो आणि काहीही करू शकत नाही. १९०९ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी ‘द लोनली व्हिला’ या मूकपटात फोनवरच्या संकटाचाच आधार घेतला. साधनं जुनी झाली, भीती झाली नाही. जवळ आणल्याचा भास देणारं आणि हात मात्र पोहोचू न देणारं प्रत्येक माध्यम ही भीती नव्यानं जन्माला घालतं.

मग असे चित्रपट पाहावेत का? बेलाशक पाहावेत. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी भीतिगृहात गेलेल्या ११० जणांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला. फार कमी भीतीत मजा नाही, फार जास्त भीतीतही नाही, मधल्या एका पातळीवर ती सर्वाधिक, असं त्यात दिसलं. मर्यादेतली भीती हा खेळ आहे आणि खेळाची अट एकच : थांबवायचं बटण आपल्या हातात असलं पाहिजे.

ती अट मोडली तर काय होतं, हे आज आपल्या आजूबाजूला दिसतं आहे. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावानं होणाऱ्या फसवणुकीत व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या गणवेशातला माणूस येतो, मागे कचेरीचा देखावा असतो. तुमच्या नावावर गुन्हा आहे, कॉल बंद करू नका, घरच्यांना सांगू नका, असं बजावत माणसाला तासन्‌तास पडद्यासमोर बसवून ठेवलं जातं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून याबद्दल सावध केलं. आपल्या कायद्यात अशी अटक नाहीच. बळी पडलेल्यांना आपण मूर्ख म्हणून मोकळे होतो, ते चूक आहे आणि अन्यायाचंही आहे. गुन्हा आहे की नाही, हा माणूस खरा की खोटा, अशा निम्म्या-निम्म्या दगडांसमोर त्यांना बसवलेलं असतं आणि उत्तर शोधण्याची वाट मुद्दाम बंद केलेली असते. चित्रपटाचा दिग्दर्शक जे दीड तास करतो, तेच ठग दिवसभर करतात. म्हणून उपायही त्याच विज्ञानातून निघतो. अनिश्चितता पडद्याकडे टक लावून कमी होत नाही, चौकटीबाहेरची माहिती मिळाली की होते. कॉल तोडावा, शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी, १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. दगड उचलून पाहिला की खाली साप आहे की नाही ते कळतं, आणि तो उचलायला दोन्ही हात मोकळे असावे लागतात.