आडव्या रेघेचे प्रताप

इंग्रजीत 'मॅन-ईटिंग शार्क' लिहिलंत तर पोहणाऱ्यांनी जीव मुठीत धरून किनारा गाठावा. मधली रेघ गाळलीत तर शार्कवर ताव मारणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि पळायची पाळी शार्कवर!

फुटबॉलच्या बातम्यांत तर हायफन नोकरी घालवतो किंवा वाचवतो. 'रिझाइन'च्या स्पेलिंगमध्ये पहिल्या दोन अक्षरांनंतर रेघ द्या, खेळाडूने क्लबशी नव्याने करार केला. रेघ विसरा, त्याने राजीनामा दिला. अक्षरं तीच, क्रमही तोच! अशा जागी हायफनला पर्याय नाही.

दोन शब्द मिळून नामाआधी एकच विशेषण होत असेल तर त्यांना जोडायचं: 'वेल-नोन रायटर'. तेच नामानंतर आलं की रेघ सहसा गळते: 'द रायटर इज वेल नोन'. 'न्यूली मॅरीड कपल'मध्ये हात हमखास चुकतो. 'ली'ने संपणारं क्रियाविशेषण पुढच्या शब्दाला आपोआप बिलगतं, त्यांच्यात हायफन नकोच.

22 जुलै 1962 रोजी नासाचं मरिनर-1 शुक्राकडे झेपावलं आणि पाच मिनिटांच्या आत भरकटलं म्हणून उडवून द्यावं लागलं. संगणकाला दिलेल्या सूचनांमधला एक हायफन राहिला, असं तेव्हा सांगितलं गेलं. आर्थर सी. क्लार्क यांनी तर त्याला इतिहासातल्या सर्वांत महागड्या हायफनचा मान दिला. राहिली होती ती बहुधा समीकरणातल्या एका चिन्हाच्या डोक्यावरची रेघ. पण नाव हायफनचंच झालं.

1851 च्या 'मोबी-डिक' कादंबरीच्या शीर्षकात हायफन आहे, आत देवमाशाच्या नावात मात्र जवळजवळ कुठेच नाही. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या नावात 'न्यू' आणि 'यॉर्क' यांच्यामध्ये रेघ होती. ती 1896 मध्ये गेली. शहरातल्या 1804 च्या इतिहाससंस्थेने मात्र ती थेट 2024 पर्यंत जपली. केवढी ही निष्ठा!

2007 मध्ये 'शॉर्टर ऑक्सफर्ड' कोशाने सुमारे 16,000 शब्दांमधले हायफन काढून टाकले. 'आइस-क्रीम'चे दोन सुटे शब्द झाले, 'बंबल-बी'चा एक सलग शब्द झाला. मला ही छाटणी पटते, कारण तिथे अर्थाला धक्का लागत नाही.

पण 'ट्वेंटी-ऑड गेस्ट्स'मधली रेघ कुणी काढू नये. ती आहे तोवर वीसेक पाहुणे जेवायला येणार आहेत. ती गेली की येतील ते वीस विचित्र पाहुणे.