‘सध्या काय करतेस?’चं अर्थशास्त्र

लग्नात जेवणाच्या रांगेत उभं असताना मागून एक प्रश्न हमखास येतो. ‘मग, सध्या काय करतेस?’ तुम्हालाही आला असेलच. माझ्या रूममेटला तो वर्षातून निदान दहा वेळा येतो. ती निफाड तालुक्यातली. घरी कांद्याची शेती, एम.ए.ला नाव घातलंय आणि पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास करतेय. ‘अभ्यास’ असं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न तयारच असतो. ‘म्हणजे अजून काही नाही?’

अशाच एका लग्नाहून परत आल्यावर तिने वैतागून मला विचारलं, ‘तू पेपरमध्ये आहेस ना? मग सांग, मी बेरोजगार आहे का?’

मला वाटलं, हो किंवा नाही, विषय संपला. पण उत्तर शोधायला बसले आणि मार्कांपुरतं वाचून विसरलेलं अर्थशास्त्र पुन्हा उघडावं लागलं. सुरुवात करावी लागली ती व्यापारापासून. कारण तिचं पुण्यातलं राहणं घरच्या कांद्यावर चालतं आणि कांद्याचा भाव व्यापारावर.

पोहे, पीपीटी आणि रिकार्डो

व्यापार मुळात करायचाच कशाला? आमच्या खोलीतलं उदाहरण घ्या. रूममेट २० मिनिटांत पोहे करते, मला १ तास लागतो. पीपीटी ती २ तासांत करते, मला ३ तास लागतात. म्हणजे दोन्ही कामांत ती माझ्यापेक्षा सरस. मग तिने माझ्याशी देवाणघेवाण का करावी?

तरीही करावी. तिला एका पीपीटीच्या वेळात सहा वेळा पोहे करता येतात, मला तीनच वेळा. म्हणजे पीपीटी माझ्याकडे तुलनेने ‘स्वस्त’ पडते. आमचा सौदा असा ठरला: चार दिवस पोहे तिने करायचे, एक पीपीटी मी. तिची ८० मिनिटं जातात आणि स्वतः पीपीटी करायचे २ तास वाचतात. माझे ३ तास जातात आणि पोह्यांचे ४ तास वाचतात. फायदा दोघींचा.

डेव्हिड रिकार्डो या अर्थतज्ज्ञाने १८१७ मध्ये हेच इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाईन घेऊन मांडलं. त्याच्या उदाहरणात पोर्तुगाल दोन्ही गोष्टी कमी श्रमात करत होता, तरीही व्यापारात दोन्ही देशांचा फायदा निघत होता. पुस्तकात याला ‘तौलनिक लाभ’ म्हणतात. परीक्षेत पाच मार्कांना येतो, तोच हा.

ताटातला कांदा

आता खोलीतून मेसमध्ये या. २०२३च्या दिवाळीच्या सुमारास कांदा महागला. आमच्या मेसच्या काकूंनी ताटातला कांदा काढून मुळ्याच्या चकत्या ठेवल्या. ही झाली ‘पर्यायी वस्तू’. भाजीत मात्र कांदा पडतच राहिला, कारण भाव वाढला म्हणून फोडणीतला कांदा फारसा कमी करता येत नाही. याला म्हणतात ‘अलवचीक मागणी’. अशा वस्तूचा पुरवठा थोडा जरी कमी-जास्त झाला, तरी भाव धाडकन वर जातो नाहीतर खाली येतो.

८ डिसेंबर २०२३ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका, आखाती देश या गिऱ्हाइकांकडे जाणारा माल देशातच राहिला. पुरवठा वाढला आणि काही आठवड्यांत लासलगावच्या बाजारातले घाऊक भाव निम्म्यावर आले. आमच्या ताटात कांदा परतला. आम्ही खूश.

रूममेट तेव्हा माझ्यासोबत टीवायला होती. त्या संध्याकाळी ती घरच्यांशी फोनवर बोलत होती आणि मी मिटक्या मारत कांदा खात होते. तिच्या घरी तेव्हा लाल कांदा निघत होता. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, लाल कांदा टिकत नाही. ‘भाव येईपर्यंत थांबा’ हा सल्ला इथे चालत नाही. निघेल तसा विकावाच लागतो.

बंदी ४ मे २०२४ला उठली, पण किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क ठेवून. त्याच सप्टेंबरमध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५पासून तेही हटलं. तोवर त्या डिसेंबरचा लाल कांदा कधीच विकून झाला होता.

यात कोणाचं बरोबर, यावर वाद घालायला जागा आहे. शहरातल्या कमी पगाराच्या घराला स्वस्त कांदा हवाच असतो. पण निर्यात सुरू असो की बंद, फायदा आणि तोटा वेगवेगळ्या घरांत जातो, एवढं लक्षात ठेवा. ‘देशाचा फायदा’ हे वाक्य वाचलं की विचारा, देशातल्या नक्की कोणाचा?

विणकर द्राक्षं खुडेल?

रिकार्डोच्या गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. कापडाचं काम गेलं, तर विणकर वाईनच्या कामाला लागेल. कागदावर हे एका ओळीत होतं. खऱ्या आयुष्यात काय होतं ते मुंबईच्या गिरणगावाने पाहिलंय.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही आणि अनेकांना काम परत मिळालं नाही. कारण फक्त संप नव्हता. गिरण्यांची यंत्रं जुनी झाली होती, भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते आणि गिरण्यांखालची जमीन सोन्याच्या भावाची झाली होती. पुढे त्याच परळमध्ये मॉल आणि ऑफिसं आली. म्हणजे नोकऱ्या आल्या, पण वीस वर्षं साच्यावर काम केलेल्या माणसासाठी नाही. काम आहे, माणूसही आहे, पण दोघांचा मेळ बसत नाही. ही ‘संरचनात्मक बेरोजगारी’.

शंभरातले दोन

आता रूममेटच्या प्रश्नाकडे. आपल्याकडे बेरोजगारी मोजण्याचं काम पीएलएफएस हे सरकारी सर्वेक्षण करतं. त्याच्या २०२३-२४च्या अहवालानुसार १५ वर्षं आणि त्यापुढच्या वयात बेरोजगारीचा दर होता ३.२ टक्के. १५ ते २९ वयोगटात, म्हणजे तुमच्या-माझ्यात, १०.२ टक्के.

‘फक्त तीन टक्के? मग आमच्या अभ्यासिकेत जागा का मिळत नाही?’ ही रूममेटची प्रतिक्रिया.

कारण हा दर सगळ्या लोकसंख्येवर काढत नाहीत. १५च्या पुढची १०० माणसं धरा. त्यातली साधारण ४० जण काम करत नाहीत आणि शोधतही नाहीत: विद्यार्थी, घर सांभाळणाऱ्या बायका, म्हातारी माणसं. हे लोक हिशेबातच नाहीत. उरलेले ६० म्हणजे ‘श्रमशक्ती’. त्यातले ५८ काही ना काही काम करतात आणि २ जण काम शोधतायत किंवा मिळालं तर करायला तयार आहेत. ६० पैकी २, झाले तीन टक्के.

यातली गंमत बघा. नोकरी शोधून थकलेल्या कोणी ‘जाऊ दे, आता नकोच’ असं ठरवलं, तर तो बेरोजगार उरत नाही. नोकरी एकही वाढलेली नसते, दर मात्र खाली येतो.

एक मुलगी, तीन रकाने

मग आमची रूममेट कुठे बसते? ते तिला काय विचारतात आणि ती काय सांगते यावर आहे. ‘एम.ए. करतेय’ म्हणाली, तर विद्यार्थी, म्हणजे श्रमशक्तीबाहेर. ‘नोकरी शोधतेय’ म्हणाली, तर बेरोजगार. आणि तिसरा रकाना ऐकून ती चक्क हसायला लागली. दिवाळीत लाल कांद्याच्या काढणीला आणि नंतर उन्हाळ कांद्याच्या लागणीला ती घरी जाते. घरच्या शेतात बिनपगारी मदत करणाऱ्यालाही सर्वेक्षण ‘काम करणारा’ धरतं. वर्षात असे ३० दिवस भरले, तर दुय्यम काम म्हणून ती थेट रोजगार असलेल्यांत जाते.

‘म्हणजे मावशीला सांगू, मला नोकरी आहे?’

सांगायला हरकत नाही. फक्त पुस्तकात पुढच्याच पानावर ‘छुपी बेरोजगारी’ आहे, तेही वाचून जा. चार माणसांचं काम सहा जण करत असतील आणि दोघं निघून गेल्यावरही तेवढाच कांदा निघणार असेल, तर त्या दोघांना काम आहे असं फक्त दिसतं.

या सगळ्यातून तिच्या हाताला खरंच काही लागलं असेल, तर ते एक गणित. अभ्यासाचा खर्च म्हणजे रूम, मेस, अभ्यासिका आणि टेस्ट सिरीज एवढाच नाही. समजा, तिला १८,००० रुपयांची नोकरी मिळत होती, तर वर्षाचे सोडलेले २,१६,००० रुपयेही त्यात धरायचे. हा ‘संधी खर्च’. आणि गेलेली वर्षं? तो ‘बुडीत खर्च’. ‘इतकी वर्षं घातली, आता कसं सोडू’ या वाक्यात आपण तोच मोजत बसतो. खरं तर पुढचा निर्णय पुढच्या वर्षाकडे बघून घ्यायचा असतो. तुम्हीही कुठल्या परीक्षेच्या फेऱ्यात असाल, तर एका कागदावर हे दोन आकडे वेगळे मांडून बघा.

तिने मांडले. वहीच्या मागच्या पानावर तारीख घातली आणि खाली लिहिलं, ‘अजून एक अटेम्प्ट.’ त्या खाली तिने नाशिक आणि पुण्यातल्या नोकऱ्यांची यादी करायला घेतलीय. म्हणजे सर्वेक्षणवाले आज दारात आले, तर तिचा रकाना बदललेला असेल.

पुढच्या महिन्यात तिच्या चुलतभावाचं लग्न आहे. जेवणाच्या रांगेत तो प्रश्न येणारच. उत्तर काय द्यायचं ते तिने ठरवलंय: ‘काकू, आधी सांगा, कुठल्या व्याख्येप्रमाणे?’