काडतूस अडते कोठे? मॅगझिनच्या शॉटगनविषयी काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

खालून सुटे मॅगझिन बसवावयाची शॉटगन दोन-चार बार झाल्यावर पुढचे काडतूस अर्ध्या वाटेवर अडवून बसली, म्हणजे तिच्या मालकाचा पहिला संशय बंदुकीवरच जातो. कारखान्याने माल हलका दिला, यंत्ररचनाच सदोष आहे, अमुक देशाची बनावटच अशी, असे निवाडे चौकशीच्या आधीच दिले जातात, आणि मग कोणी कानस हाती घेतो, कोणी कडक स्प्रिंग मागवितो, कोणी तेलाची बाटली रिकामी करतो. या तक्रारींची शांतपणे छाननी केली तर असे आढळते की, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ बारा बोअरच्या काडतुसाच्या आकारात, आणि त्या आकाराशी मॅगझिनला जी तडजोड करावी लागते तिच्यात असते. ही एक गोष्ट नीट उमगली की प्रचलित समजांपैकी कोणता खरा, कोणता अर्धा खरा आणि कोणता सर्वस्वी निराधार, हे वेगळे काढणे फारसे अवघड राहत नाही.

हे काडतूस घडले ते एकोणिसाव्या शतकात, नळ्या मोडून उघडणाऱ्या दुनळी बंदुकीसाठी. शिकाऱ्याने ते बोटांनी उचलून नळीत सोडावे, बुडाच्या काठाने ते योग्य खोलीवर थांबावे, आणि बार झाल्यावर त्याच काठाला धरून रिकामे नळकांडे बाहेर यावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. सुमारे साडेअठरा मिलिमीटर व्यासाच्या नळीसाठी केलेले ते जाड, सरळ, बोथट तोंडाचे आणि अंगाने मऊ असे भांडे एखाद्या यंत्राने झपाट्याने ओढून न्यावे, असा विचार त्याच्या घडणीत कोठेच नव्हता. पुढे जॉन ब्राउनिंगसारख्या असामान्य कारागिराने १८९७ ची विंचेस्टर पंप बंदूक आणि १९०० साली पेटंट घेतलेली ऑटो-५ ही स्वयंभरणी बंदूक रचली, तेव्हा त्याने काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या एका नळीत एकामागे एक निजवली. त्या रचनेत एका काडतुसाचे तोंड दुसऱ्याच्या बुडाला टेकते आणि काठाचा काठाशी संघर्ष होत नाही; नळीचे मॅगझिन शंभराहून अधिक वर्षे टिकले, त्याचे एक मोठे कारण हेच होय. काडतुसे एकावर एक रचावयाची ठरली की मात्र सारा हिशोब बदलतो. रशियातील इझेव्हस्क येथे १९९० च्या दशकात कलाश्निकोव्हच्या यंत्ररचनेवर उभारलेली सायगा-१२, मोलोत कारखान्याची वेप्र-१२, आणि अमेरिकेत २०१८ साली बाजारात आलेल्या मॉसबर्ग ५९०एम व रेमिंग्टन ८७० डीएम या पंप बंदुका, या सर्वांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. कलाश्निकोव्हचे मूळ काडतूस निमुळते, टोकदार आणि बाहेर न आलेल्या काठाचे आहे, म्हणजे ते जणू सरकण्यासाठीच जन्माला आले आहे; बारा बोअरच्या अंगी या तिन्ही गुणांचा अभाव आहे.

येथे पहिला गैरसमज येतो तो असा की, मॅगझिनमध्ये काडतुसे कशीही दाबून भरली तरी चालतात. बुडाचा काठ सभोवार सुमारे एक मिलिमीटर बाहेर आलेला असतो. वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या काठामागे गेला, तर बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा मागचा सरकता भाग, वरच्याला पुढे ढकलू लागताच दोन्ही काठ एकमेकांत अडकतात आणि एक तर काडतूस जागचे हलत नाही, किंवा खालच्यालाही फरफटत आणते. हा दोष शॉटगनपुरताच आहे असे नव्हे. आपल्या पोलिसांच्या हाती ज्या .३०३ रायफली पिढ्यान् पिढ्या होत्या त्यांचे काडतूसही काठाचेच, आणि तेथेही वरचा काठ खालच्याच्या पुढे राहील अशा बेताने ते भरावे लागे. इंग्रजांनी १९३० च्या दशकात चेक बनावटीच्या मशीनगनचे ब्रेन हे रूप स्वीकारले, तेव्हा मूळचे सरळ मॅगझिन त्यांना ठळकपणे वाकडे करावे लागले, कारण मूळ बंदूक बिनकाठाच्या काडतुसावर चाले आणि आता तिला .३०३ चारावयाचे होते. त्या मॅगझिनमध्ये तीस काडतुसे मावत, तरी शिपाई बहुधा अठ्ठावीसच भरीत. शॉटगनच्या बाबतीतही हा दस्तूर हितावह आहे: प्रत्येक काडतुसाचा काठ आधीच्याच्या पुढे बसला आहे याची नजरेने खात्री करावी, आणि क्षमतेपेक्षा एखादे काडतूस कमीच भरावे. तसे केल्याने आणखी एक लाभ होतो. बोल्ट मिटलेला असताना पूर्ण भरलेले मॅगझिन बसविताना वरचे काडतूस बोल्टच्या पोटाला दाबले जाते आणि मॅगझिन धरणारा खटका पुरता अडकत नाही. मॅगझिन बसल्यासारखे दिसते, परंतु पहिल्या धक्क्यासरशी ते दोन-तीन मिलिमीटर खाली येते आणि बोल्ट काडतुसावरून कोरडाच निघून जातो.

मॅगझिन भरून ठेवू नये, कारण स्प्रिंग बसते, हा समज बंदुकांच्या जगात सर्वत्र आढळतो, आणि त्याचा विचार थोडा सविस्तर करावयास हवा, कारण येथे निष्कर्ष बरोबर असून कारण चुकीचे आहे. उत्तम पोलादाची स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवली तर तिची ताकद फारशी जात नाही. ती थकते ती वारंवार दाबल्या-सुटल्याने. तथापि शॉटगनचे काडतूस हे पितळेचे नव्हे. रेमिंग्टनने १९६० साली प्लॅस्टिकचे नळकांडे बाजारात आणले, त्याआधी ते मेण दिलेल्या कागदाचे असे आणि पावसाळी हवेत फुगे. प्लॅस्टिकने ओलाव्याचा उपद्रव दूर केला, परंतु प्लॅस्टिकला एक निराळा स्वभाव आहे: सतत दाब पडत राहिला तर ते अत्यंत सावकाश, डोळ्याला न कळता, आकार सोडते, आणि उष्णतेत हे अधिक वेगाने घडते. भरलेले मॅगझिन कित्येक महिने पडून राहिले, विशेषतः बोल्टच्या पोटाखाली बसवून ठेवले, की वरची काडतुसे गोल न राहता किंचित लंबवर्तुळाकार होतात. अशी काडतुसे चेंबरच्या, म्हणजे नळीतील काडतूस बसण्याच्या जागेच्या, तोंडाशी अडतात, आणि मालक स्प्रिंगला दोष देऊन नवी स्प्रिंग आणतो. दोष निघत नाही, कारण तो स्प्रिंगमध्ये नव्हताच. संशय असलेले काडतूस गोल मापाच्या गेजमधून स्वतःच्या वजनाने उतरते की नाही, हे पाहिले म्हणजे क्षणात निर्णय होतो.

या समजाचे धाकटे भावंड म्हणजे कडक स्प्रिंग हा सर्वांवर रामबाण इलाज होय, ही श्रद्धा. स्प्रिंग दुर्बळ असेल तर बोल्ट परत येण्यापूर्वी पुढचे काडतूस वर पोहोचत नाही, हे खरे. शॉटगनची काडतुसे जड असल्याने त्यांचा ढीग उचलावयास ताकद लागते, हेही खरे. परंतु स्प्रिंग प्रमाणाबाहेर कडक झाली की वरचे काडतूस मॅगझिनच्या ओठांशी, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांशी, आणि बोल्टच्या पोटाशी इतके घासते की बोल्टची गती त्यातच खर्ची पडते. काडतुसे वर ढकलणारी पट्टी, जिला फॉलोअर म्हणतात, ती तिरपी होते की काय, हे स्प्रिंग बदलण्याआधी पाहावे. शेवटची दोनच काडतुसे नेहमी नाक खाली करून अडत असतील, तर संशय प्रथम या पट्टीवर घ्यावा.

काडतुसाच्या लांबीविषयीचा घोटाळा मात्र केवळ गैरसोयीचा नसून धोक्याचा आहे. काडतुसावर छापलेली ७० किंवा ७६ मिलिमीटर ही लांबी बार झाल्यानंतर उघडलेल्या नळकांड्याची असते. तोंड दुमडलेले भरलेले काडतूस त्याहून बरेच आखूड दिसते. म्हणून ७६ चे काडतूस ७० च्या चेंबरमध्ये सहज मावते, आणि माणूस समजतो की सर्व ठीक आहे. बार होताना दुमडलेले तोंड उघडावयास जागा नसते, ते नळीच्या अरुंद भागात शिरते आणि दाब भलताच वाढतो. नळीवर कोरलेले चेंबरचे माप वाचल्याखेरीज काडतूस बदलू नये. याच्या उलट, ७६ साठी केलेल्या मॅगझिनमध्ये आखूड काडतुसे भरली तर ती पुढे-मागे हलतात आणि त्यांचे काठ एकमेकांत अडकण्याचा संभव वाढतो. हा दोष घातक नव्हे, परंतु त्यामुळे उत्तम बंदुकीची नाहक बदनामी होते.

ज्याला लोक सर्रास भरण्याचा दोष म्हणतात, तो पुष्कळदा निराळाच असतो. रिकामे नळकांडे बाहेर पडण्याच्या दारात उभे राहिले असेल, तर दोष उत्सर्जनाचा होय. नळकांडे बाहेर गेले आणि बोल्ट रिकाम्या चेंबरवर मिटला असेल, तर बहुधा बोल्ट पुरता मागे गेलाच नाही. काडतुसाचे तोंड चेंबरच्या कडेला टेकून दबले असेल, तरच खऱ्या अर्थाने भरण्याची वाट अडली असे म्हणावे. ही तीन चित्रे वेगळी ओळखता आली तर अर्धे निदान झाले, असे मी निःशंकपणे म्हणेन. बोल्ट पुरता मागे न जाण्याचे कारण बहुधा काडतूस हलके असणे हे असते: ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीटसाठी ठरलेला छऱ्यांचा २४ ग्रॅमचा भार दुनळीसाठी सुखाचा असतो, परंतु वायूच्या जोरावर चालणाऱ्या सायगासारख्या बंदुकीला तो अपुरा पडू शकतो. या बंदुकीत हलक्या आणि जड काडतुसांसाठी वायूच्या नियंत्रकाच्या दोन जागा असतात. नियंत्रक चुकीच्या जागी असणे, किंवा नळीतील वायूची छिद्रे काजळीने बुजणे, एवढ्यानेही बंदूक अडते. पंप बंदुकीत हा जोर माणसाच्या हाताचा असतो, आणि घाईत पकड पूर्ण मागे न खेचणे हेच तेथे अडण्याचे नित्याचे कारण होय. पितळी बूड जितके उंच तितके काडतूस जोरदार, हा समजही येथे आड येतो. बुडाची उंची हा बव्हंशी प्रघात आहे, आणि पुष्कळ काडतुसांत ते बूड पितळेचेही नसून मुलामा दिलेल्या पोलादाचे असते. जोर ठरतो तो दारूवर आणि छऱ्यांच्या वजनावर, आणि ते आकडे पेटीवर छापलेले असतात.

शे-दोनशे बार झाले की बंदूक आपोआप सुरळीत होते, या म्हणण्यात तथ्यांश आहे, कारण नव्या घासणाऱ्या पृष्ठभागांचा खरबरीतपणा वापराने जातो. परंतु वाकलेला ओठ किंवा बुजलेले छिद्र कितीही बार काढले तरी सुधारणार नाही. तेलाच्या बाबतीतही लोकांचा कल अतिरेकाकडे असतो. कोकणासारख्या दमट प्रांतात गंज हा बंदुकीचा खरा शत्रू, म्हणून नळीला आणि बोल्टला तेलाचा पातळ हात आवश्यकच आहे. मॅगझिन मात्र आतून कोरडेच असावे, कारण तेथील तेल धूळ आणि न जळलेली दारू धरून ठेवते आणि काडतुसाच्या टोपीपर्यंत झिरपून बारच निकामी करू शकते.

दोष शोधण्याची सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित रीत अशी: प्रत्येक मॅगझिनवर खुणेचा आकडा घालावा आणि कोणते मॅगझिन, कोणते काडतूस, कितवा बार, हे टिपून ठेवावे. अडथळा एकाच मॅगझिनबरोबर फिरत असेल तर मॅगझिन बाजूला काढावे. सर्व मॅगझिनांत, परंतु एकाच जातीच्या काडतुसाने होत असेल तर काडतूस बदलावे. दोन्ही बदलूनही टिकत असेल, तेव्हाच बंदुकीकडे वळावे. भरण्याच्या वाटेची हाताने परीक्षा करावयाची ती निर्जीव नकली काडतुसांनी. घरात जिवंत काडतूस बोल्टखाली घालून पाहणे हा शुद्ध अविचार होय.

आणि कानस तर दूरच ठेवावी. मॅगझिनचे ओठ किंवा चेंबरचे तोंड एकदा घासले की पुन्हा भरून येत नाही. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमान्वये बंदुकीची दुरुस्ती हाही परवान्याचा विषय आहे, म्हणून परवानाधारक कारागिराकडेच ती न्यावी. सुट्या मॅगझिनची शॉटगन आपल्याकडे विरळा. परवान्यावर दिसतात त्या बहुधा एकनळी, दुनळी, नाही तर नळीच्या मॅगझिनची पंप बंदूक. परंतु काडतूस तेच आहे: पुण्याजवळ खडकीच्या १८६९ साली स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यातील बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसे वापरणाऱ्या शेतकऱ्यालाही लांबीचा, ओलाव्याचा आणि काठाचा हा हिशोब तितकाच लागू पडतो.

बंदूक अडली असता प्रथम बोट चापावरून काढावे, नळी निर्धोक दिशेला ठेवावी, मॅगझिन उतरवावे आणि मगच बोल्ट मागे ओढावा. चाप दाबूनही बार झाला नसेल, तर निदान अर्धे मिनिट थांबूनच हे करावे, कारण टोपी उशिराने पेटल्याचे प्रसंग घडतात. नेहमीपेक्षा बारीक आवाज झाला असेल तर नळीत गट्टी, म्हणजे दारू आणि छरे यांच्यामधले बूच, अडकून राहिल्याचा संभव असतो. नळी आरपार पाहिल्याविना पुढचे काडतूस भरू नये. हीच खबरदारी निरनिराळ्या बोअरची काडतुसे एकाच पिशवीत ठेवणाऱ्याने विशेष घ्यावी. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या चेंबरमधून पुढे घसरते आणि नळीत अडकून बसते. चाप ओढला की नुसता खट् आवाज येतो, मालक समजतो की बंदुकीने काडतूस घेतलेच नाही, आणि तो त्यामागे बारा बोअरचे काडतूस भरतो. पुढच्या बाराला नळी फुटते. वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा रिवाज पडला तो याच अपघातापायी.