नारळी भाताचा पिवळा रंग

श्रावणी पौर्णिमेला, म्हणजेच नारळी पौर्णिमेला, सातपाटी, नवापूर, तारापूर अशा पालघर जिल्ह्यातील किनारी गावांत मांगेला, वैती आणि कोळी समाजांतील घरांमधून समुद्राला नारळ अर्पण केला जातो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीनंतर येणाऱ्या या सणाच्या ताटात नारळी भात असतो आणि त्याचा रंग केवळ हळद-केशराच्या प्रमाणावर नव्हे, तर कोणती जिन्नस कधी पडते या क्रमावर ठरतो.

या भाताची सुरुवात तांदळाच्या वयापासून होते. खरिपाचे भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापले जाते, त्यामुळे श्रावणात भांड्यात पडणारा वाडा तालुक्यातील कोलम (ज्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) किमान आठ-नऊ महिने मुरलेला असतो. असा जुना दाणा पाणी अधिक शोषतो, चिकटत नाही आणि शिजल्यावर मोकळा राहतो. नव्या तांदळाचा लगदा झाला, तर रंग कितीही चांगला असला तरी तो दाण्यावर दिसत नाही.

हळदीचा पिवळेपणा ज्या घटकामुळे येतो ते कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात मात्र विरघळते. म्हणूनच तूप तापवून त्यात लवंगा फुलल्यावर चिमूटभर हळद टाकतात, मग धुऊन निथळलेले तांदूळ परततात आणि त्यानंतरच कढत पाणी घालतात. शिजलेल्या भातावर वरून भुरभुरवलेली हळद ठिपक्यांच्या रूपात राहते व कच्ची लागते. केशराची रीत याच्या उलट आहे, कारण त्याचा रंग देणारे क्रोसिन पाण्यात सहज उतरते; म्हणून केशराच्या काड्या कोमट दुधात भिजवून ते दूध शेवटी भातावर शिंपडतात. गूळ वापरणाऱ्या घरांत मात्र केशर हा बहुधा मानाचाच भाग म्हणायचा, कारण गुळाच्या तांबूस छटेत त्याचा रंग लपून जातो आणि उरतो तो वास.

गूळ कधी घालायचा, यावर मात्र तडजोड नसते. भात पूर्ण शिजवून, परातीत पसरून, वाफ जिरू दिल्यावरच त्यात गूळ आणि नारळाचा चव, म्हणजे खवलेले खोबरे, मिसळतात, कारण गोडी दाण्यातील स्टार्चला मिळणारे पाणी आपल्याकडे ओढते आणि अर्धकच्चा दाणा मग कितीही शिजवला तरी मऊ होत नाही. त्यानंतर पातेल्याखाली तवा ठेवून मंद आचेवर गुळाचा पाक भातात मुरेपर्यंत दडपून ठेवतात. गूळ आधी पातळ होऊन भात ओला दिसतो, पण या टप्प्यावर घाईने ढवळल्यास दाणा मोडतो.

हळदीचा हा रंग खाराच्या स्पर्शाने बदलतो: सोडा किंवा चुना पडला की पिवळा तांबडा होतो, आणि पारंपरिक कुंकू हळदीपासूनच तयार होते ते याच गुणामुळे; म्हणून नारळी भाताच्या पातेल्यात सोडा पडत नाही. बाजारातल्या हळदीच्या पुडीत मात्र कधीकधी ‘मेटॅनिल यलो’ हा खाद्यपदार्थांत निषिद्ध असलेला कृत्रिम रंग मिसळलेला असतो. तो पाण्यात चटकन विरघळून पाणी गडद पिवळे करतो. म्हणून जाणती गृहिणी सणाच्या भातासाठी हळकुंड आणून घरीच कुटते.