फोन आईचा, हातात लेकराच्या



सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी एकामागोमाग आली की घरातलं लहान लेकरू सांभाळायला कोणी राहत नाही. मग फोन सांभाळतो. संध्याकाळी भाकरी थापताना तर हमखास. यात कुणाला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. एका बैठकीत एक आजी मला म्हणाल्याच, "पोरी, तुझं अजून लग्न नाही झालं, तुला काय माहीत रडतं लेकरू!" बरोबर आहे त्यांचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं की दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. हे जमेल तेवढं पाळा. पण फोन द्यावाच लागला तर तो कसा द्यायचा, हे आज बोलू.

शहरातले लोक सांगतात, मुलाला वेगळा फोन द्या, वेगळं खातं काढा. आपल्याकडे घरात एकच चांगला फोन. त्यातच बँकेचे मेसेज, ओटीपी, गटाच्या हिशेबाचे फोटो, गावाचे चार-पाच व्हॉट्सॲप ग्रुप. लेकरू कार्टून बघता बघता बोट सरकवतं आणि थेट आपल्या संसारात शिरतं. म्हणून पहिलं काम हे दार बंद करण्याचं.

बहुतेक फोनमध्ये एकच ॲप अडकवून ठेवायची सोय असते. सेटिंग उघडा, वर शोधायच्या जागी 'पिन' लिहा. ॲप पिनिंग किंवा स्क्रीन पिनिंग असं काहीतरी दिसेल. ते चालू करा आणि बाहेर पडताना पिन विचारण्याचंही बटण चालू करा. मग कार्टून लावून दिलं की मूल त्याच्या बाहेर जाऊ शकत नाही. फोन उघडायला रेघ ओढायचा पॅटर्न असेल तर बदलून आकडे ठेवा. रेघ पोरं एका नजरेत पाठ करतात. आकडेही करतात म्हणा! एका गटात दुसरीतल्या मुलाने आईचा पैसे पाठवायचा पिन सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणून दाखवला. सगळ्या हसल्या, पण त्या ताईंनी तिथेच बसून पिन बदलला.

आता यूट्यूबचं. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप लागतो. आपण ससा-कासवाची गोष्ट लावून चुलीकडे वळतो आणि अर्ध्या तासाने तिथे मारामारी किंवा भुताचं काहीतरी चालू असतं. व्हिडिओवर एकदा बोट लावलं की वरच्या बाजूला ऑटोप्लेचं छोटं बटण दिसतं, ते बंद करा. त्याहून बरं म्हणजे यूट्यूब किड्स हे वेगळं ॲप. ते फुकट आहे. त्यात मुलाच्या वयाप्रमाणे व्हिडिओ निवडता येतात, शोधण्याची सोय बंद करता येते, वेळ लावता येते. मोठ्यांची सेटिंग उघडायला ते ॲप एक गुणाकार विचारतं. तिसरीतल्या पोराचे पाढे पाठ असतील तर ते कुलूप काही कामाचं नाही, तेव्हा स्वतःचा कोड टाका. या ॲपमध्येही एखादा नको तो व्हिडिओ येऊ शकतो. म्हणून मूल आपल्या नजरेसमोर बसेल आणि आवाज आपल्या कानावर येईल, असं बसवा. कानात हेडफोन नको.

व्हॉट्सॲपकडे आपलं लक्षच जात नाही. गावाच्या ग्रुपवर कोणीतरी घाणेरडा व्हिडिओ टाकतो, तो आपोआप उतरतो आणि गॅलरीत मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोशेजारी जाऊन बसतो. सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' मध्ये जाऊन आपोआप डाउनलोड बंद करा. नेटही वाचतं.

एवढं सगळं केलं तरी पोरं हुशार असतात, वाट काढतात. म्हणून मला या सेटिंगपेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. काही वेडंवाकडं झालं तर लेकरू आपल्याला सांगेल का?

शेजारच्या तालुक्यातली गोष्ट. पाचवीतल्या मुलाला गेममधले हिरे फुकट मिळतील म्हणून लिंक आली. त्याने ती दाबली, मग फोन आला आणि त्याने आलेला ओटीपी वाचून दाखवला. बियाण्यासाठी ठेवलेले पैसे गेले. पोराला काहीतरी चुकलं हे लगेच कळलं होतं, पण आधी एकदा फोनवरून मार खाल्ला होता. तीन दिवस तो गप्प बसला. पैसे गेल्यावर 1930 या नंबरवर जितक्या लवकर फोन करू तितकी ते अडवता येण्याची शक्यता जास्त असते. ते तीन दिवस त्या भीतीने खाल्ले.

पैशाचं निदान खात्यात दिसतं. अनोळखी माणूस गेममध्ये गोड बोलून नाव, शाळा विचारतो, मग फोटो मागतो आणि शेवटी म्हणतो, "आईला सांगू नको." हे कशातच दिसत नाही. अंगणवाडीत आपण चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवतो, तसंच हेही शिकवा: जो कोणी 'घरी सांगू नको' म्हणेल, त्याचं पहिल्यांदा घरी येऊन सांगायचं. आणि सांगितल्यावर त्या दिवशी मारायचं नाही, फोन हिसकावायचा नाही. आधी "बरं झालं सांगितलंस" म्हणायचं. राग आला तर विहिरीवर जाऊन या, पण लेकरासमोर नको. हे घरातल्या बाबांना, आजोबांनाही सांगून ठेवा.

असं काही घडलंच तर तो मेसेज, नंबर पुसू नका. मुलाचा फोटो किंवा व्हिडिओ असेल तर "बघा काय झालं" म्हणून कुणालाही पुढे पाठवू नका. तसं पाठवणंही गुन्हा आहे. 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर दिवसरात्र चालू असतो. पोलिसांत जायला आपल्याला भीती वाटते, गावात बोभाटा होईल वाटतं. 2012 च्या पॉक्सो कायद्यात त्याचा विचार केलेला आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते आणि ती गणवेशात नसते. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. पेपरात नाव छापायलाही बंदी आहे.

आणि एक आपल्याच सवयीचं. लेकराला न्हाऊ घालतानाचा फोटो, शाळेच्या नावाचा बिल्ला दिसणारा फोटो आपण हौसेने स्टेटसला ठेवतो. आपल्या फोनमध्ये भाजीवाल्यापासून सगळ्यांचे नंबर असतात. एवढ्या लोकांना ते दाखवायचं का, ते तुम्हीच ठरवा.

पुढच्या मासिक बैठकीत बचत जमा झाली की आपण पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांच्या फोनमध्ये या सेटिंग करणार आहोत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या शेजारी सीआरपी ताई बसतील. पासबुकासोबत फोनही आणा, आणि येताना चार्ज करून आणा.