यांग-क्षीणतेची चिकित्सा : उष्ण औषधांची मात्रा व मर्यादा

परंपरागत चिनी वैद्यकात शरीरातील उष्णता व गती यांच्या मूलशक्तीस ‘यांग’ आणि शीतलता, आर्द्रता व पोषण यांच्या तत्त्वास ‘यिन’ अशी संज्ञा आहे. यांग क्षीण झाला म्हणजे हातपाय गार पडतात, पहाटे जुलाब होतात, जीभ फिकट व फुगीर दिसते आणि नाडी खोल व दुर्बल लागते. अशा रोग्यास उष्ण औषध द्यावे, हे सूत्र वरवर सोपे वाटते. परंतु या चिकित्सेतील प्रमुख औषधच विषारी आहे. त्यामुळे यांग वाढवावा कसा, याइतकाच तो वाढविताना रोग्यास अपाय होऊ नये कसा, हाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

हे औषध म्हणजे ‘फूत्झ’. सिचुआन प्रांतात लागवड होणाऱ्या ‘ॲकोनिटम कारमायकेली’ या वनस्पतीच्या मुख्य कंदास फुटणारे हे उपकंद होत. आपल्याकडील बचनाग याच वनस्पतिकुलातील असून, आयुर्वेदातही तो शोधनसंस्कारावाचून वापरीत नाहीत.

हान राजवटीच्या अखेरीस होऊन गेलेला वैद्य झांग झोंगजिंग याच्या दोन योगांची तुलना या संदर्भात उद्बोधक आहे. ‘सनी थांग’ या काढ्यात फूत्झ, सुंठ व ज्येष्ठमध एवढीच द्रव्ये आहेत. हातपाय थंडगार पडून प्राण जाऊ पाहत असता द्यावयाचे ते औषध होय. ‘शनछी वान’ या गोळ्यांची रचना मात्र अगदी भिन्न आहे. त्यांत यिनपोषक रेमानिया मूळ ८ ल्यांग, कोनफळाच्या कुळातील शानयाओ कंद व कॉर्नस फळ प्रत्येकी ४, अन्य तीन द्रव्ये प्रत्येकी ३, आणि दालचिनीच्या डहाळ्या व संस्कारित फूत्झ प्रत्येकी केवळ १ ल्यांग आहे. म्हणजे एकूण २७ ल्यांगांत ही दोन उष्ण द्रव्ये अवघी २ ल्यांग भरतात.

या प्रमाणामागे निश्चित विचार आहे. दिव्यात तेल नसता वात मोठी केली, तर क्षणभर उजेड वाढतो आणि दिवा लवकर विझतो. मिंग काळातील झांग जिएबिन (१५६३–१६४०) याने हाच विचार पुढे नेऊन, यांगची वृद्धी यिनच्या आश्रयानेच साधावी असा सिद्धान्त मांडला. दीर्घकालीन क्षीणतेत मंद उष्णता हितकर व प्रखर उष्णता घातक, असा त्याचा व्यावहारिक अर्थ आहे.

तथापि केवळ योगरचनेने विष नाहीसे होत नाही. फूत्झमधील ॲकोनिटिन हे अल्कलॉइड चेतातंतू व हृदयस्नायू यांतील सोडियम-मार्ग उघडे ठेवते. प्रथम ओठ व जीभ बधिर होतात, पुढे वांती व अशक्तता येते आणि अखेर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. यावर विशिष्ट उतारा नाही. दीर्घकाळ उकळल्याने मात्र ॲकोनिटिनचे जलविघटन होऊन पुष्कळच कमी विषारी द्रव्ये बनतात. म्हणूनच चिनी औषधसंहितेत संस्कारित फूत्झची मात्रा ३ ते १५ ग्रॅम ठरविली असून, तो इतर द्रव्यांच्या आधी व दीर्घकाळ उकळावा आणि गर्भवतींस सावधपणे द्यावा, असे सांगितले आहे. मद्यात भिजविलेला कच्चा कंद पोटात घेणे हे विषबाधेचे परिचित कारण आहे. कारण मद्यात विष उतरते, पण विघटित होत नाही.

निदानातील चूकही तितकीच धोक्याची असते. तळहात गरम, जीभ लाल व नाडी बारीक आणि जलद असेल, तर चिनी वैद्यकाच्या दृष्टीनेही ती यिनची क्षीणता असून उष्ण औषध तेथे वर्ज्य ठरते. शिवाय थंडी न सोसणे, थकवा व सूज ही लक्षणे अवटुग्रंथीची मंदता, रक्तक्षय वा हृद्रोग यांतही आढळतात. या रोगांची तपासणी आधी न केल्यास योग्य उपचाराला विलंब होतो. आणि हृद्रोग्यास फूत्झ देणे विशेष जोखमीचे आहे.

यांग ही कल्पना प्रयोगशाळेत मोजता येत नाही. विषाची मात्रा मात्र मोजता येते. या चिकित्सेविषयी अभ्यासकाचे मत काहीही असो, अचूक निदान, अल्प मात्रा व पुरेसे उकळणे या तीन अटींत सूट देण्याचा अधिकार कोणत्याही सिद्धान्तास नाही.