सव्वाशे किलोमीटरचं आकाश

नांदेड आणि लातूरचे विमानतळ नकाशावर सरळ रेषेनं जोडले, तर अंतर भरतं साधारण १२४ किलोमीटर. एटीआर विमानाला एवढ्यासाठी पंचवीस-तीस मिनिटं पुरावीत. पण विमानतळावर तासभर आधी पोहोचायचं आणि लातूरला उतरल्यावर शहरात यायला आणखी दहा-बारा किलोमीटर जायचं. हे सगळं धरलं, तर लोहा-अहमदपूर-चाकूर मार्गे गाडीनं लागणाऱ्या अडीच-तीन तासांतले फारसे वाचत नाहीत. म्हणून या दोन शहरांच्या विमानसेवेचा मागोवा घेताना प्रश्न एकमेकांकडे उडण्याचा नाही, इथून बाहेर पडण्याचा आहे.

लातूरची धावपट्टी १९९१ची. नांदेडचा विमानतळ खऱ्या अर्थानं उभा राहिला तो २००८ साली, शिखांच्या गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीमुळे. देशभरातून, परदेशातून येणाऱ्या भाविकांसाठी काम झपाट्यानं झालं आणि किंगफिशरची विमानं उतरू लागली. २००९मध्ये राज्यातले पाच विमानतळ दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं रिलायन्सकडे गेले. त्यांत ही दोन्ही नावं होती. त्याच वर्षी विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून दोन्ही जिल्हे पेटले होते. मला त्या काळाची हळहळ वाटते ती याचसाठी. या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले, पण हवाई वाहतुकीचा विचार दोघांनी मिळून कधी केला नाही.

किंगफिशर बुडाली आणि नांदेडची धावपट्टी पुन्हा ओस पडली. मग आली ‘उडान’ योजना. २७ एप्रिल २०१७ रोजी, तिच्यातल्या उड्डाणांच्या पहिल्याच दिवशी, ट्रूजेटचं हैदराबाद-नांदेड विमान सुटलं. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांसाठी अडीच हजारांची मर्यादा होती. ज्यांनी कधी विमानात पाऊल ठेवलं नव्हतं, अशी माणसं हैदराबाद-मुंबईला उडू लागली. डिसेंबर २०१७मध्ये एअर इंडियानं अमृतसर जोडलं. पण ‘उडान’च्या मार्गांना मिळणारं अनुदान तीन वर्षांपुरतं असतं, आणि त्यातच कोरोना आला. फेब्रुवारी २०२२मध्ये ट्रूजेट थांबली. ३१ मार्च २०२४ला स्टार एअरनं बंगळुरू, हिंडन आणि आदमपूरचे मार्ग सुरू केले, तेव्हा कुठे नांदेडच्या आकाशात पुन्हा हालचाल दिसली. गुरुद्वाऱ्याच्या भाविकांमुळे नांदेडला उत्तरेचा हुकमी प्रवासी आहे. लातूरला तसा आधार नाही.

माझ्या मते शेजारी-शेजारी दोन अर्धपोटी विमानतळांपेक्षा नियमित उड्डाणांचा एक विमानतळ आणि तिथवर नेणारी चांगली वाट दोन्ही जिल्ह्यांच्या अधिक कामाची. शिकवण्यांच्या ‘लातूर पॅटर्न’साठी नांदेडची मुलं लोहा-अहमदपूरच्याच रस्त्यानं येतात-जातात. रेल्वेनं जायचं तर आजही लातूर रोड, परळी, परभणी, पूर्णा असा मोठा वळसा पडतो. लोह्यावरून नांदेड ते लातूर रोड थेट लोहमार्गाची मागणी जुनी आहे. तो झाला, तर लातूरकराला नांदेडचं विमान गाठायला एसटी किंवा खाजगी गाडीशिवाय आणखी एक साधन मिळेल.